टीव्हीवरचं वाजवा, मामा

मामांना एक खोड होती. एकदा वाजवलेलं त्यांना पुन्हा तसंच्या तसं वाजवता यायचं नाही. मामी तर येईल-जाईल त्याला सांगायच्या, "यांना साबण आणायला पाठवलं तरी दर वेळी वेगळ्या रस्त्याने जातात, मग अकॉर्डियन काय सरळ वाजवणार!" मामा नुसते हसायचे. गळ्यात ते धूड अडकवलेलं, भाता उघडतोय, मिटतोय, आणि बोटं पट्ट्यांवरून कुठेतरी निघालेली. कुठे निघालीत ते मामांनाही पोचल्यावरच कळायचं.

सगळ्या जगाचे मामा ते फार पुढे झाले. आधी ते एकाच मुलीचे मामा होते. बहीण वारली तेव्हा तिची पोर यांच्या घरी आली, ती इथलीच झाली. बबडी. पुढे तिच्या नावाचे मोठाले फलक लागले, पण घरात ती बबडीच राहिली आणि आपल्यालाही तेवढं नाव पुरे. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे पोर आल्याचा आनंद होता. पण पोर बोलेचना. खायची, झोपायची, सांगितलेलं काम करायची, तोंडातून शब्द नाही. मामींनी चुचकारून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी हात टेकले. मग एके दिवशी ती आत भांडी विसळत होती आणि मामा बाहेरच्या खोलीत वाजवत होते. एक ओळ अर्ध्यावर आली आणि मामांना सणसणीत शिंक आली. राहिलेली अर्धी ओळ आतून आली. गाऊन. मामा तसेच बसून राहिले, नाक पुसायचंही सुचेना त्यांना.

तेव्हापासून तो दोघांचा खेळच झाला. मामा बाहेरून ओळ अर्धी सोडायचे, बबडी आतून पुरी करायची. कधी मामा मुद्दाम वाकड्या ठिकाणी सोडायचे. ती पठ्ठी तिथूनही वाट काढायची. मामी वैतागायच्या. "तुमचं दोघांचं झालं की सांगा हं, मला मिठाचा डबा मागायचाय." पण त्या कधी मध्ये बोलल्या नाहीत. पोर जिवंत झाली होती, मीठ काय, नसलं तरी चालत होतं.

बबडी मोठी झाली आणि मामांच्या वाद्यवृंदात उभी राहून गायला लागली. वाद्यवृंद म्हणजे काय, तर एक अगडबंब ढोलकरी, पुढचे दोन दात नसलेला व्हायोलिनवाला, एक गिटारवाला आणि मामा. हॉटेलांत, क्लबांत, कारखान्यांच्या वार्षिक कार्यक्रमांत वाजवायचे. बबडीचं एक गाणं होतं, साधंच, वाट पाहण्याचं. त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यामध्ये मामांसाठी मोकळी जागा ठेवलेली. ती जागा आली की बबडी लोकांकडे चक्क पाठ करायची आणि मामांकडे तोंड करून उभी राहायची. मामा डोळे मिटून वाजवायचे आणि कुठेतरी सोडून द्यायचे, आणि जिथे सोडलं तिथून ती तिसरं कडवं उचलायची. रोज वेगळीकडून. काल ऐकून गेलेली माणसं आज पुन्हा यायची, आज ही दोघं कुठे जाऊन पोचतात ते बघायला. मामांना आयुष्यात याहून जास्त काही नको होतं, आणि हे मी उगाच म्हणत नाही, त्यांनीच मामींना तसं बोलून दाखवलं होतं.

या गाण्याची कॅसेट निघाली. रेकॉर्डिंगच्या दिवशी मामांनी जे काही वाजवलं ते टेपवर गेलं. वाजवताना एका ठिकाणी त्यांचं बोट शेजारच्या पट्टीवर घसरलं होतं; त्यांनी झटकन वळसा घेऊन सावरून घेतलं. काचेपलीकडच्या माणसाने अंगठा दाखवला, संपलं. कॅसेट रेडिओवर बऱ्यापैकी वाजली. रिक्षावाले लावायचे, केस कापायच्या दुकानांत ऐकू यायची.

आणि मग टीव्हीवर ते नवं चॅनल सुरू झालं. दिवसभर गाणी. नुसती गाणी नाहीत हो, गाण्यांचे व्हिडिओ. कॅसेट काढणाऱ्या कंपनीचा साहेब मामांच्या घरी आला, चहा पिता पिता म्हणाला, "मामा, गाणं ऐकायचे दिवस गेले. आता लोक गाणं बघतात."

"बघतात म्हणजे? त्यात बघायचं काय असतं?" मामींनी विचारलं.

"तेच तर आम्ही ठरवतो," साहेब म्हणाला, आणि हसला.

त्याचं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. कंपनीच्या ऑफिसात आता नवा गायक आला की आधी त्याचा फोटो मागायचे, आवाज नंतर. गाणं लिहिणाऱ्याला सांगायचे, या ओळीला काहीतरी दाखवता येईल असं घाला. सुरुवातीचं लांबलचक वाजवणं कापून टाकलं, कारण चेहरा दिसला नाही की लोक चॅनल बदलतात म्हणे. एका गाण्यामागे चांगली दहा-बारा माणसं पोट भरायची, त्यातली निम्मी बघता बघता घरी बसली. नाचणारे मात्र भराभर कामाला लागले. कुणाचं पोट कुणाच्या कमरेवर अवलंबून राहील, काही सांगता येत नव्हतं.

बबडीच्या गाण्याचा व्हिडिओ करायचं ठरलं. चित्रीकरण एका बंद पडलेल्या गोदामात होतं. फरशीवर पाणी ओतून ती चकचकीत केली होती, वर मोठे दिवे, एका कोपऱ्यात धूर सोडायचं यंत्र खोकत होतं. दिग्दर्शक म्हणजे डोक्यावर उलटी टोपी घातलेला एक तरुण. सगळे त्याला टोपीच म्हणत. माणूस वाईट नव्हता, नुसता घाईत होता. त्याने ढोलकऱ्याला बघितलं आणि त्याला खांबामागे उभं केलं. व्हायोलिनवाल्याला म्हणाला, "काका, तोंड मिटूनच ठेवा." मग मामांना समजावलं: स्पीकरवर कॅसेटमधलं गाणं लागेल, तुम्ही वाजवल्यासारखं करायचं. आवाज येऊ द्यायचा नाही.

अकॉर्डियनला एक बटण असतं. ते दाबून भाता ओढला की नुसती हवा जाते, सूर उमटत नाही. मामांनी बटण दाबलं, गाणं लागलं, मोकळी जागा आली, मामांनी डोळे मिटले आणि निघाले.

"कट! मामा, डोळे उघडे."

पुन्हा. डोळे उघडे ठेवून मामा निघाले.

"कट! मामा, काय करताय? सूर वर चढतोय आणि तुमचा भाता मिटत चाललाय. बोटं तर भलतीकडेच आहेत. तुम्ही वाजवलंय तेच वाजवा ना!"

"ते मी त्या दिवशी वाजवलं होतं," मामा म्हणाले. "आज ते कसं येईल?"

सगळे खो खो हसले. बबडीसुद्धा. पण पुन्हा झालं, पुन्हा झालं, तसं हसू आटत गेलं. त्यात बबडीची वेगळीच गंमत. ती जागा आली की सवयीने कॅमेऱ्याकडे पाठ करून मामांकडे वळायची. "पाठ नको, पाठ नको!" टोपी ओरडायचा. "अहो, तुमचा चेहरा विकायचाय आपल्याला!" दुपारपर्यंत सगळ्यांच्या नाकीनऊ आले. शेवटी साहेबाने एका देखण्या मुलाला बोलावलं. हनुवटी अशी की दोरी लावून आखलेली. त्याच्या गळ्यात मामांची अकॉर्डियन द्यायची, तो बोटं कशी फिरवायची ते शिकून घेईल, असं ठरायला लागलं.

बबडी मध्ये येऊन उभी राहिली. "मामा नसेल तर मीही नाही," म्हणाली. "शोधा दुसरी." मामांचा ऊर भरून आला, पण भीतीही वाटली. पोरीचं सगळं पुढचं आयुष्य त्या गोदामात उभं होतं आणि ते आपल्या बोटांपायी अडलं होतं. "मला थोडे दिवस द्या," ते साहेबाला म्हणाले. "शिकून येतो."

मग घरी मामांची शाळा भरली. टेपरेकॉर्डर मामींच्या मांडीवर. मामा म्हणायचे मागे, की मामी मागे घ्यायच्या. म्हणायचे थांब, की थांबवायच्या. भाता कुठे उघडला होता आणि कुठे मिटला होता हे सुरातल्या बारीकशा तुटीवरून ओळखायचं. स्वतःचंच वाजवणं, पण परक्या माणसाच्या मागे लपत लपत जावं तसं मामा त्याच्या मागे जात होते. मग ती जागा आली, बोट घसरलेली.

"ही चूक आहे गं," मामा म्हणाले. "ही कशी वाजवू?"

"आता लोकांनी तीच ऐकलीय ना? मग वाजवा चूक."

"चूक मुद्दाम कशी करायची? ती काय ठरवून होते?"

"संसार करताना चुका बऱ्या येतात मुद्दाम करायला," मामी म्हणाल्या आणि टेप मागे घेतली. पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी पुढचं बोलणं आवरलं. मामा घामाघूम झाले होते. घसरलेलं बोट पुन्हा पुन्हा घसरवत होते, आणि ते बरोबर घसरत नव्हतं म्हणून पुन्हा घसरवत होते.

शिकले मात्र. पुढच्या वेळी एका फटक्यात झालं. डोळे उघडे, भाता बरोबर, बोटं बरोबर, चूकसुद्धा बरोबर. टोपीने मामांना उचलून घेतलं. बबडीने नाचणाऱ्या मुलींबरोबर चार पावलं पुढे येऊन हात वर केला, सांगितला होता तसा, कॅमेऱ्याकडे तोंड करून.

आणि ते गाणं गाजलं! चॅनलवर दिवसातून कितीदा लागायचं त्याची गणतीच नाही. लोकांनी बबडीला डोक्यावर घेतलं. मामाही ओळखू यायला लागले. रस्त्यात पोरं त्यांना बघून दोन्ही हातांनी हवेतला भाता ओढून दाखवायची. "मामा! मामा!" बँकेतला रखवालदारसुद्धा दार उघडताना मामा म्हणायचा. मामींनी नवी साडी घेतली आणि ती नेसून मुद्दाम लांबच्या दुकानात भाजी आणायला गेल्या. खोटं कशाला बोला, ते दिवस चांगले होते. ढोलकऱ्याला आणि व्हायोलिनवाल्याला कंपनीने कार्यक्रमांना नेणं बंद केलं तेव्हा मामांना वाईट वाटलं, ते बबडीशी बोलले, बबडी साहेबाशी बोलली, साहेब म्हणाला बघू. आणि ते बघू तसंच राहिलं.

पहिला मोठा कार्यक्रम मैदानात झाला. एवढी माणसं मामांनी जन्मात पाहिली नव्हती. ती जागा आली, मामांनी डोळे मिटले आणि निघाले, जुन्या सवयीने, नव्या वाटेने. छान चाललं होतं. मग खालून कुजबुज सुरू झाली, मग आरडाओरडा. "ते वाजवा! टीव्हीवरचं!" कुणीतरी शिट्टी मारली. "टीव्हीवरचं वाजवा, मामा!" मामांनी डोळे उघडले. पुढच्या रांगेत एक बाई छोट्या मुलीला कडेवर घेऊन उभी होती. ती मुलगी हवेतला भाता ओढायला हात पसरून तयार होती आणि गोंधळून आईच्या तोंडाकडे बघत होती. बबडीला आपलं पाऊल कधी टाकायचं ते कळेना. मागच्या नाचणाऱ्या मुली एकमेकींवर आदळल्या. मामांनी घाईघाईने टीव्हीवरचं वाजवायला घेतलं. मैदान गरजलं. मुलगी खुदकन हसली आणि भाता ओढायला लागली.

त्या दिवसानंतर मामांनी दुसरं काही वाजवलं नाही. कसं वाजवणार? नाचाची पावलं त्या सुरांवर बसवलेली, दिवे त्या सुरांवर लागायचे, आणि बबडी आता मामांकडे वळायचीच नाही. तिला पुढे जाऊन हात वर करायचा असायचा. गावोगाव, मैदानोमैदान, तेच. नंतर नंतर तर कंपनीने मागून टेपच लावायला सुरुवात केली. आवाजाच्या माणसाला मामांनी विचारलं, माझा माईक का लागत नाही? तो म्हणाला, "मामा, तुम्ही निवांत राहा ना. टेपवर तुम्हीच तर आहात."

तक्रार तरी कुणाकडे करायची? बबडीकडे? ती आधीच वाळून चालली होती. प्रवासात मामांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची आणि झोपेत पाय हलवायची, पावलं मोजल्यासारखे. एकदा जागी होऊन म्हणाली, "मामा, तू आहेस म्हणून मी उभी राहते तिथे. मागे तू आहेस हे माहीत असतं." मामांनी तिच्या अंगावरची शाल सारखी केली.

दुखण्याचा पत्ता लागला तो घरी. पावसाळ्यात कार्यक्रम नव्हते. मामी आत तांदूळ निवडत बसल्या होत्या, मामांनी पुष्कळ दिवसांनी उगाच म्हणून अकॉर्डियन गळ्यात घेतली. डोळे मिटले. बोटं निघाली, आणि टीव्हीवरचं वाजायला लागलं. मामांनी थांबवलं. दुसऱ्या पट्टीवरून सुरुवात केली. दोन-चार सूर गेले, आणि वळून पुन्हा तेच. त्यांनी उलटं वाजवून पाहिलं, संथ वाजवून पाहिलं, उभं राहून वाजवून पाहिलं. कुठूनही निघालं तरी बोटं त्याच दारात जाऊन उभी राहायची.

मामी बाहेर आल्या. "किती वेळ तेच? कान किटले माझे. दुसरं काहीतरी वाजवा की."

"येत नाही," मामा म्हणाले.

"येत नाही म्हणजे काय?"

"आटलं गं. दुसरं येतच नाही काही." आणि एवढा थोराड माणूस अकॉर्डियनवर डोकं ठेवून रडला. मामींना टोमणा सुचेना. त्यांनी खांद्यावरचे पट्टे सोडवले, ते ओझं उतरवून खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "येईल हो. दमलायत तुम्ही. येईल." पण त्यांनाही भीती वाटली होती, आणि मामांना ती आवाजात ऐकू आली.

बबडीला दोघांनी कळू दिलं नाही. तिच्या डोक्यावर नव्या गाण्याचं ओझं होतं. चॅनलवर आता रोज नवे चेहरे येत होते आणि साहेब सारखा म्हणत होता की पुढचं गाणं लवकर आलं नाही तर लोक विसरतील. नवं गाणं तयार झालं. त्यात अकॉर्डियन नकोच, एका कीबोर्डच्या यंत्रावर सगळं होतं, असं साहेबाचं म्हणणं. बबडी हटून बसली. मध्ये जागा ठेवायची आणि तिथे मामा वाजवणार, नवीन. "मला एकदा तरी पहिल्यासारखं गायचंय," ती मामींजवळ बोलली. "मामा जिथे सोडेल तिथून. एकदाच. नाहीतर मी आता गातेय की नुसती हलतेय, मलाच समजेनासं झालंय." साहेब कसाबसा तयार झाला. पण मामांचं जमलं नाही तर ती जागा यंत्राने भरायची आणि पुढे कार्यक्रमांतही मामांची जागा हनुवटीवाल्याला, हेही त्याने तिथेच ठरवून टाकलं.

म्हणजे आता सगळं मामांच्या दहा बोटांवर आलं. पोरीचं गाणंही आणि पोरीमागे उभं राहणंही.

रेकॉर्डिंगच्या खोलीत मामा एकटे बसले. समोर काच, काचेपलीकडे साहेब, टोपी, टेप चालवणारा आणि बबडी. कानांवर हेडफोन. नवं गाणं सुरू झालं. चांगलं होतं, हळवं होतं, बबडीचा आवाज त्यात किती दिवसांनी मोकळा लागला होता. मामांना वाटलं, होईल. जागा आली. बोटं निघाली. पहिली दोन पावलं नवी होती, खरंच नवी होती. आणि मग बोटं त्याच जुन्या वाटेला वळली. मामांनी हात उचलला.

"पुन्हा घेऊ," ते म्हणाले.

पुन्हा घेतलं. पुन्हा वळली. मामांनी पाणी मागितलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले, बबडी लहान असताना आतून भांड्यांचा आवाज यायचा तो आठवायचा प्रयत्न केला, आणि भाता उघडला. या वेळी त्यांनी हात उचलला नाही. उचलावासा वाटलाच नाही. टीव्हीवरचं सगळं वाजलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नव्या गाण्याच्या चालीत थोडंसं वाकून. घसरायचं तिथे बोट अगदी न चुकता घसरलं. संपलं तेव्हा मामा मान खाली घालून बसले. आता सांगतील, असं त्यांना वाटलं. आता उठा म्हणतील.

काचेपलीकडे साहेब उडी मारून उठला होता. त्याचा आवाज हेडफोनमध्ये घुसला. "वा मामा, वा! हेच! हेच पाहिजे होतं! लोक पहिल्या दोन सुरांत ओळखतील, अरे हे तर मामा! काय डोकं लावलंत हो!" टोपी टाळ्या वाजवत होता. पडद्यावर काय काय दाखवता येईल ते आत्ताच हातवारे करून सांगायला लागला होता. टेप चालवणाऱ्याने अंगठा दाखवला.

बबडी मात्र जागची हलली नव्हती. तिला कळलं होतं. मामांनी कुठे सोडलं ते ज्या पोरीला दहा वर्षं रोज ओळखता आलं, तिला मामा कुठेच गेले नाहीत हे कळणार नाही होय? ती दार उघडून आत आली. मामांच्या समोर गुडघ्यांवर बसली. मामांनी हेडफोन काढले.

"दुसरं नाही ना येत?" तिने एवढ्या हळू विचारलं की माईकलाही ऐकू जाऊ नये.

"नाही गं बबडे," मामा म्हणाले. "खूप दिवस झाले."

तिचे डोळे भरले. काचेमागून साहेब खुणेने विचारत होता, काय ठरलं? ठेवायचं ना? मामांनी तिचा हात धरला. त्यांना सांगायचं होतं की पुसून टाक ते, यंत्राला वाजवू दे, तुझं गाणं तरी खरं राहू दे. ओठांवर आलं होतं. पण तसं म्हटलं की उद्यापासून ती त्या मैदानात एकटी, आणि आपण घरात, गप्प बसलेल्या त्या अकॉर्डियनसमोर. मामा बोलले नाहीत.

बबडी उठली, काचेकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "ठेवा. फार सुंदर झालंय. मामाने कमाल केली."

आयुष्यात पहिल्यांदा ती गाण्याबद्दल खोटं बोलली होती, आणि तेही त्यांच्यासाठी. मामांना त्याची लाज वाटली. पण त्याहून जास्त लाज वाटली ती या गोष्टीची, की ते ऐकून त्यांना हायसं वाटलं होतं.